सुकरीच्या नावाचा नंबर

दोन काड्या

कोसमटोल्यात फोन वाजत नाही. वाजवून घ्यायचा तर गावाबाहेर अर्धा कोस चालत नाल्यावरच्या पुलियापर्यंत यावं लागतं, आणि पुलियावरही सगळीकडे रेंज नाही. उजव्या कठड्याच्या तिसऱ्या दगडावर बसलं की दोन काड्या येतात. तिथून गावाकडे चार पावलं टाकली की जातात. बसून बसून तो दगड असा गुळगुळीत झाला आहे की पावसाळ्यात त्यावरून माणूस घसरतो.

त्या दगडावर इसरू मडावी बसला होता, पुतण्या अंकुशचा फोन कानाशी धरून. वैशाखातली दुपार, एकचा सुमार. तिकडे आयर्लंडात सकाळ होती आणि त्याची मुलगी रीना रात्रपाळी करून नुकतीच खोलीवर आली होती. एका खोलीत चार नर्सा. एक झोपलेली असायची म्हणून रीना नेहमी दबक्या आवाजात बोलायची.

"बा, यायाचा फोन कुठी हाय?"

याया म्हणजे तिची आई, सुकरी. जाऊन दहा महिने झाले होते.

"हाय," इसरू म्हणाला.

"हाय म्हंजे घरी हाय? चार्ज कर, पुलियावर घेऊन ये. उद्या ये, परवा ये, पन ये. बारा जूनले साल पुरं होते. मग बँक ऐकत नाई."

ही बँकेची गोष्ट इसरूला होळीच्या वेळी एकदा समजावून झाली होती, आणि त्यानं ती आपल्या परीनं समजून घेतली होती. तीस वर्षं तो आलापल्लीच्या लाकूड डेपोत हातोडा मारत आला. सागाच्या गोल्याच्या, म्हणजे ओंडक्याच्या, तोंडावर मार्का उठवायचा, नंबर टाकायचा, तोच नंबर वाहतुकीच्या पासावर लिहिला जायचा. लाकडावरचा आणि पासावरचा नंबर जुळला तर ट्रक नाक्याबाहेर जातो, मग माल कुठंही जावो. नाही जुळला तर सोन्यासारखं लाकूड डेपोच्या कोपऱ्यात पडून राहतं आणि त्याला वाळवी लागते.

रीनाचं तसंच होतं. हैदराबादच्या दवाखान्यात असताना तिनं एका परदेशी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं आणि पाच वर्षं चोख वापरलं होतं. त्या बँकेची शाखा आयर्लंडातही होती. देश सोडल्यापासून सालभरात अर्ज केला तर कार्डाचं खातं तिकडच्या शाखेत हलवता येत होतं, आणि त्याबरोबर पाच वर्षांचा चोखपणाही. तो तिकडे फार लागतो. घरमालक विचारतो, तू कोण, तुझा मागचा कागद दाखव. रीनाचा तिकडे मागचा कागदच नव्हता, कालपरवा जन्मल्यासारखी होती ती. म्हणून घर मिळत नव्हतं. घर नाही म्हणून दिव्यानीला नेता येत नव्हतं.

दिव्यानी रीनाची मुलगी. वय वर्षं सात. तिचा बाप हैदराबादेतच दुसरा संसार मांडून बसला होता. आजीपाशी ठेवून आई गेली, आणि सव्वा महिन्यात आजी गेली. आता पोर आणि आजा, दोघंच. आजा पहाटे डेपोला निघायचा. पोर मग या घरी त्या घरी.

खातं हलवायला बँक आधी एक आकडा पाठवते. कुठं? कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर सुकरीच्या नावाचा. रीना नर्सिंगला गेली तेव्हा सतरा वर्षांची होती, सिम आईच्या आधारवर घेतलं, आणि पुढं तेच चालवलं. परदेशी निघताना ते आईच्या बटनाच्या फोनात घालून दिलं. "याया, बँकेचे मेसेज येतीन, पुसू नको." सुकरीला मेसेज पुसता येत नव्हते आणि वाचताही येत नव्हते.

"बा, ऐकून राह्यला ना?"

"हो."

"रिचार्ज मारत होता ना दर महिन्याले?"

इसरूनं नाल्याकडे पाहिलं. पाणी नव्हतं. दहा महिने तो या प्रश्नाला "मारतो" म्हणत आला होता.

"रीना," तो म्हणाला, "फोन तुह्या यायाजवळच हाय."

"यायाजवळ म्हंजे?"

"संगं देल्ला."

पलीकडे एवढी शांतता झाली की त्यानं फोन डोळ्यांसमोर धरून पाहिला. दोन्ही काड्या होत्या. तो उठला, चार पावलं

काडी नाही

ताप डोक्यात चढला आणि तिसऱ्या दिवशी सुकरी गेली. आषाढ होता, नाला भरला होता, दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबली.

त्यांची जमात मेलेलं माणूस जाळत नाही, पुरते. आणि माणूस जे रोज हाताळत होतं ते त्याच्यासोबत देते, कारण मागं राहिलेली वस्तू मागायला माणूस परत येतं. फणी दिली, विळा दिला, तंबाखूची डबी दिली. तेव्हा म्हाताऱ्या चंदाबाईनं विचारलं, "आन् फोन?"

"फोन काऊन?" अंकुश म्हणाला.

"काऊन म्हनते! रोज संध्याकाळी पुलियावर घेऊन नाई जात होती? विळ्याहून जास्ती हाती तोच राहे तिच्या. ठेवून घेसान तं येईन मागाले. मंग तूच देजो काढून."

एकदोघं हसले. मग कोणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. सुकरी रोज दिवस मावळताना त्या दगडावर जाऊन बसायची. रीनाचा फोन आला तर बोलायची, नाही आला तर फोन मांडीवर ठेवून बसायची.

इसरूनं स्वतः फोन तिच्या उजव्या हातात दिला आणि बोटं मिटली. बंद केला नाही. बंद कसा करतात हे त्याला माहीत नव्हतं.

रीनाला रजा मिळाली नाही. ती फोनवर रडली, आणि आठवड्यानं म्हणाली, बा, यायाचा फोन जपून ठेव. तो "हो" म्हणाला. जिला आईचं तोंड पाहता आलं नाही तिला आईच्या हातात काय दिलं हे सांगायचं कसं? पुढच्या खेपेला सांगू म्हणाला. पुढच्या खेपेला तिनं रिचार्जचं विचारलं. मातीखालच्या फोनात रिचार्ज मारायचा म्हणजे सुकरीची थट्टाच की. तो "मारतो" म्हणाला. अशा एकेका हो-वर दहा महिने चढले. दरम्यान मातीवर दगड उभा राहिला, सुकरी पूर्वजांत गेली, आणि दगड उभा राहिल्यावर खालची माती कोणी हलवत नाही.

तरी पुलियावरून आल्यावर त्यानं कुदळ घेतली. दगडापाशी गेला. ऊन होतं तोवर बसला. दगडाच्या बुडाशी सुकं गवत होतं, ते हातानं उपटलं. कुदळ तशीच घेऊन परत आला.

एक काडी

प्रफुल्लचं ऑनलाइन सेंटर आलापल्लीच्या बसस्टॉपसमोर. झेरॉक्स, फोटो, रिचार्ज, सगळ्या जगाचे फॉर्म.

"माती लागली तं सिम खराब होते का?" इसरूनं विचारलं.

"किती दिवस?"

"दहा महिने."

"दहा महिने मातीत!" प्रफुल्लनं खुर्ची वळवली. "इसरूभाऊ, फोन पेरला होता का तुमी? उगवला का काही?"

मग इसरूनं सांगितलं, आणि प्रफुल्लनं खुर्ची परत सरळ केली. थोडा वेळ उगाच माऊस हलवत राहिला.

"खोदू नका," तो म्हणाला. "फायदा नाई. तीन महिने रिचार्ज नसन तं कंपनी नंबर बंद करते. सांगा नंबर."

नंबर इसरूला पाठ नव्हता. दिव्यानीला पाठ होता. आजीनं तिच्याकडून रोज घोकून घेतला होता, हरवलीस तर हा सांगायचा म्हणून. तिनं वहीच्या पानावर लिहून दिला होता. प्रफुल्लनं तो लावला, आणि फोन समोर टेबलावर ठेवला.

वाजला.

इसरू उभा राहिला. घंटी वाजत होती, एकसारखी, आणि त्याला दुकान दिसेना. गवत उपटलेली माती दिसली, आणि मिटलेल्या बोटांत उजेड लागलेला.

"हॅलो?" एक बाई म्हणाली. "कोन बोलते? हॅलो! बोलाचं नसन तं लावता काऊन?"

कट.

इसरूनं टेबलाची कड धरली होती. प्रफुल्लनं त्याला पाण्याची बाटली दिली. "बंद पडलेला नंबर दुसऱ्याले देतात, भाऊ. हा गेला." स्क्रीनवर त्या बाईचं नाव आलं होतं. 'रंभाबाई अंगणवाडी गोंडपिपरी.' "बँकेत नंबर बदलाचा तं रीनाले सोता हैदराबादच्या शाखेत उभं राहा लागन."

"तिले डिसेंबरपर्यंत सुटी नाई."

"मंग एकच रस्ता. बँक आकडा या बाईच्या फोनवर पाठवन. बाईनं सांगतला तं झालं." त्यानं डोकं खाजवलं. "पन आजकाल सख्खा भाऊ बी कोनाले ओटीपी सांगत नाई."

चार काड्या

गोंडपिपरीच्या त्या अंगणवाडीत फोनवर चार काड्या होत्या. इसरूनं पाहिल्या. इतक्या काड्या एका जागी त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या.

भिंतीवर फळांचा तक्ता, वजनाचा तक्ता, आणि मधोमध ठळक हातानं लिहिलेला कागद: 'ओटीपी कोणालाही सांगू नका. बँक कधीही ओटीपी मागत नाही.' अक्षर रंभाबाईंचं. त्या पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यांनी इसरूचं सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

"वा! आजपरेंत फोनवर मागत होते. आता तिकीट काढून घरी येऊन राह्यले! उद्या मुक्कामाले येसान, भाजी कोनती करू सांगून ठेवा."

"बाई, मी चोर नाई."

"चोराच्या कपाळावर लिवलं राह्यते का? मागच्या साली आमच्या बचत गटाच्या साधनाचे पुरे पैसे गेले. तिलेही असाच एक गरीब मानूस भेटला होता. रडला बी होता तो."

इसरू रडला नाही. पिशवीतून त्यानं सुकरीचं आधार कार्ड काढून वजनकाट्यावर ठेवलं, जागा तेवढीच होती. रंभाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला, मग आपल्या फोनकडे पाहिलं. हा नंबर मागं कुणा जित्याजागत्या बाईचा होता हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

"काय झालं यांले?"

"ताप."

त्यांनी कार्ड पदरानं पुसून त्याच्या हातात परत दिलं.

"मले आकडा नोका सांगू," इसरू म्हणाला. "पोरीसंग तुमीच बोला, तिलेच सांगा. मी बाहेर जाऊन उभा राह्यतो. पायजे तं कडी लावून घ्या."

माणूस लुटायला आला असता तर कडी लावून घ्या म्हणाला नसता. रंभाबाईंनी अंकुशच्या फोनवर व्हिडिओ लावू दिला. पलीकडे रीना आली, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच. रंभाबाईंनी तिला बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं, डेपो कुठं ते विचारलं, लहान मुलाला गोवर झाला तर काय करायचं तेही विचारलं. रीनानं सगळं सांगितलं.

"नर्स खरी हाय," रंभाबाई इसरूला म्हणाल्या. आणि फोनमध्ये, "तू एवढी वाळली काऊन वं? खात नाई का तिकडे?"

रीना हसली. सालभरात इसरूनं तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"दाब बाई तुहं बटन. आला का सांगतो."

रंभाबाईंनी आपला फोन हजेरीच्या रजिस्टरवर उताणा ठेवला. तिघंही त्याच्याकडे पाहत राहिले, दोघं इथून, एक तिथून. पंखा गरगरत होता. बाहेर कोणीतरी बकरीला शिव्या देत होतं.

"आला?" रीनानं विचारलं.

"येईन. चार काड्या हायेत."

रीनानं परत दाबलं. एका पोराची आई खाऊचं पाकीट मागायला आली, तिला रंभाबाईंनी हातानंच थांबवलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर रीना वाकून स्क्रीनवर काहीतरी वाचायला लागली. वाचताना तिचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे.

"हे म्हनते," ती सावकाश म्हणाली, "का या खात्याले मोबाइल नंबर जोडलेला नाई. खातं थांबवलं हाय म्हनते. शाखेत या म्हनते."

"असं कसं? जोडलेला तं हाय," इसरू म्हणाला.

रंभाबाईंनी चष्मा काढला. दोरीवर तो लोंबकळत राहिला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "होळीच्या दोन दिस अगुदर एक आकडा आल्ता मले. बँकेचा. मी तं कोनतं कार्ड नाई घेतलं. मले वाटलं कोनी माह्या नंबरवर गडबड करून राह्यलं. आमाले ट्रेनिंगमंदी सांगतलं हाय, असं आलं का लगेच कंप्लेंट करा." त्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होत्या, दुसरीकडे कुठं पाहावं हे सुचत नव्हतं म्हणून. "केली मी कंप्लेंट. पाऊन घंटा फोन धरून बसली. म्हनलं, हा नंबर माहा हाय, तुमच्या कार्डाचा नाई, काढून टाका आन् ते कार्ड बी तपासा. त्याहिनं काढला. गटाच्या मीटिंगमंदी सांगतलं तं बायांनी टाळ्या वाजवल्या."

होळीच्या दोन दिवस आधी.

त्या दिवशी इसरू पुलियावरच होता. फोनवर रीना म्हणत होती, बा, आत्ताच पाठवला, यायाच्या फोनवर आकडा आला असन, वाचून दाखव ना कोनाकडून. आणि तो म्हणाला होता, तिच्या फोनले रेंज नाई पोरी. हातातल्या फोनवर दोन काड्या होत्या. आकडा गेलाच होता, रानातून, नदीवरून, या खोलीपर्यंत.

तेव्हाच सांगितलं असतं तर प्रफुल्लनं हीच बाई तेव्हाच शोधली असती.

"मले काय मालूम," रंभाबाई म्हणत होत्या. "भाऊ, मले खरंच काय मालूम."

"तुमी बराबर केलं बाई," इसरू म्हणाला, आणि ते खरंही होतं. आकडा दुसऱ्याचा दिसला तर माल अडवायचा. त्यानं स्वतः तीस वर्षं तेच केलं होतं.

फोनच्या चौकटीत रीना होती. तिनं सगळं ऐकलं होतं. होळीआधीचा तो दिवस तिलाही आठवला असणार. तिच्यामागच्या खिडकीत पाऊस पडत होता आणि शेजारच्या पलंगावर कोणीतरी कुशीवर वळलं.

"बा," ती म्हणाली.

"हं."

"जेवला का सकाळी?"

काडी नाही

गोंडपिपरीहून परतताना आष्टीच्या पुलावर एसटी थांबली. समोरून सागाचा ट्रक येत होता, त्याला आधी जाऊ दिलं. मागच्या फळीतून गोल्यांची तोंडं दिसत होती. इसरूनं मार्का ओळखला. हातोडा त्याचाच होता, शनिवारचा. ट्रक चंद्रपूरकडे गेला.

दोन काड्या

बारा जून आला आणि गेला. त्या दिवशी कोणी फोन केला नाही.

शाळा उघडली तेव्हा आश्रमशाळेच्या वसतिगृहात जागा होती. इसरूनं पत्र्याची पेटी घेतली. दिव्यानीनं तिच्यात दोन फ्रॉक, वही आणि आजीचं एक लुगडं घातलं. लुगडं कशाला हे त्यानं विचारलं नाही. ते मागं राहिलं होतं, कोणी मागायला आलं नव्हतं.

कारकुनानं फॉर्म भरायला घेतला. नाव. जन्मतारीख. आई. आईचा पत्ता म्हणाला तेव्हा इसरूनं देश सांगितला, आणि कारकुनानं मान वर केली.

"परदेशात आई? मग पोरगी इथं काय करून राह्यली?"

इसरूनं पेटी खाली ठेवली. कारकुनाला उत्तर नकोच होतं.

"मोबाइल नंबर?"

दिव्यानीनं हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात सगळा नंबर म्हटला, आजीनं शिकवला तसा, दोन दोन आकड्यांवर थांबत. कारकून लिहीत गेला.

"हुशार हाय," तो म्हणाला.

"खोडा तो," इसरू म्हणाला.

"काऊन?"

"तो आता आपला नाई."

"आजा, आपलाच हाय," दिव्यानी म्हणाली.

कारकुनानं रेघ मारली. "मग कोनता लिवू?"

इसरू उभाच राहिला. मागं रांग होती, पेट्या घेतलेली माणसं, खोबरेल तेल लावलेली पोरं. कारकुनानं थोडी वाट पाहून खोडलेल्या नंबराशेजारी 'नाही' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. वसतिगृहाच्या बाईनं पेटीची एक कडी धरली, दिव्यानीनं दुसरी. दारात पेटी अडली, तिरपी झाली, मग आत गेली.

परतताना तो पुलियावरून आला. अंकुशचा फोन खिशात होता, तिसऱ्या दगडापाशी तो वाजला.

"बा, गेली का आत?"

"गेली."

"रडली?"

"नाई."

"मी डिसेंबरात येतो बा. पायतो. नवीन कार्ड मागतलं हाय इथी, देतीन म्हनतात, साल-दोन साल लागन, मग—" तिचा आवाज दबका होता, कोणीतरी झोपलं होतं. "बा, तू काही बोल ना."

काही बोलायचं म्हणजे होळीचं बोलावं लागलं असतं. नाल्याला यंदाचं पहिलं गढूळ पाणी आलं होतं आणि त्यात कोणाची तरी चप्पल वाहत चालली होती. इसरूनं ती पुलाखाली जाईपर्यंत पाहिली.

इथून गावाकडे चार पावलं टाकली की रेंज जाते, हे त्याला ठाऊक होतं.

"बा?"

त्यानं चार पावलं टाकली.